सिग्नलवरचा सराफा

२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने गोपनीयतेचे नवे नियम आणले आणि लाखो लोक बिऱ्हाड हलवावं तसे सिग्नलवर गेले. १५ जानेवारीला तर त्या गर्दीने सिग्नल बंदच पडलं! आमची इंदूरची नऊ जणांची टोळीही तेव्हाच तिकडे गेली. गटाचं नाव ‘रात्रीचा सराफा’. राजवाड्याजवळच्या या गल्लीत दिवसा सोन्याचांदीचा बाजार भरतो. रात्री दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू मिळतात.

परवा बऱ्याच काळाने त्या गटात डोकावले. गप्पा जवळजवळ नाहीतच. कुणीतरी ‘आठवड्याने मजकूर आपोआप पुसला जावा’ अशी सोय लावून ठेवली होती. उरल्या आहेत त्या ॲपने टाकलेल्या करड्या ओळी. अमक्याचा सेफ्टी नंबर बदलला, म्हणजे त्याने नवा फोन घेतला. तमकी गटातून बाहेर पडली. ओस वाड्यात भिंतीवर फक्त खुंट्या दिसाव्यात, तसं वाटलं.

माणसं गेली ती कुलपाला कंटाळून नव्हे. व्हॉट्सॲपवरचे निरोपही २०१६ पासून सिग्नलच्याच पद्धतीने कुलूपबंद होतात. व्हॉट्सॲपच्या दोन संस्थापकांपैकी ब्रायन ॲक्टन यांनी २०१८ मध्ये सिग्नलच्या प्रतिष्ठानाला ५ कोटी डॉलर दिले. पण आजी, सोसायटी, मुलांची शाळा, मंडळाची कोजागिरी, सगळं व्हॉट्सॲपवरच राहिलं. दोन घरं सांभाळायची कुणी? निरोप न घेताच एकेक जण परतला.

आता गंमत अशी, की आम्ही नऊही जण व्हॉट्सॲपवर आहोत. बोटाच्या अंतरावर. पण नऊ जणांचा तो कट्टा तिथे पुन्हा कुणी मांडलाच नाही. पाच जण पुणे-बंगळूरला, चौघं इथे. भेटतो ते शंभर-दीडशे माणसांच्या गटांत, शुभेच्छांच्या फुलांखाली आणि तेही हिंदीत, कारण तिथे सगळ्यांना मराठी कळत नाही. आमचं ते हिंदी मिसळलेलं इंदुरी मराठी, ज्याला पुण्याचे नातेवाईक हसतात, ते लिहायची आमची तेवढी एकच जागा होती. मैत्री तुटली नाही, तिची बोली मात्र बंद पडली.

म्हणून तिथेच लिहिलं: ‘गराडू सुरू झाले. कोण कोण येतंय?’ सिग्नलवर निरोप निघाला की एक खूण दिसते, पोचला की दोन, वाचला की त्या भरीव होतात. रात्रीपर्यंत निरोप चौघांना पोचला आणि दोघांनी वाचला. बंगळूरहून उत्तर आलं: ‘माझ्या वाटणीचं लिंबू जास्त पिळ.’

उरलेल्यांना आता फोन करणार आहे. कट्टा कुठल्या ॲपवर भरवायचा ते त्यांनीच ठरवावं. मला कुठलंही चालेल. फक्त नऊच जण हवेत आणि बोलणं आपलं.