धरण भरलं म्हणजे आशीर्वाद?

पूर्णा नदीवर, जिंतूर तालुक्यात, येलदरीचं धरण १९६८ साली उभं राहिलं. पाऊसकाळ चांगला होऊन जलाशय भरला की कोणत्याही धर्माचा माणूस देवाची कृपा झाली म्हणतो, आणि त्यात गैर काही नाही. इथून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं, तिथून कालव्यांनी शेतांत. पण कृपेचं माप पाणीच धरलं तर पंचाईत होते, कारण याच पाण्याखाली कोणाची तरी काळी जमीन गेली. कालव्याखालचा शेतकरी आशीर्वादित आणि धरणग्रस्त शापित, असं म्हणायची माझी तयारी नाही. ख्रिस्ती शिकवणही तसं म्हणू देत नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या आरंभी पौल आध्यात्मिक आशीर्वादांबद्दल देवाची स्तुती करतो. तिथे दत्तकपण आहे, पापांची क्षमा आहे, पवित्र आत्म्याचा शिक्का आहे. शेतवाडी, नोकरी, धडधाकट शरीर यांचं नावही नाही. आणि त्याच पत्रात लिहिणारा स्वतःला बंदिवान म्हणवतो.

तरीही आपल्या प्रार्थनासभांतल्या साक्षी ऐकाव्यात तर बोअरला पाणी लागलं, पोराची भरती झाली, गाठ ऑपरेशनाशिवाय गेली. उपकार मानावेतच. पण ज्याची बोअर कोरडी गेली तो मागच्या सतरंजीवर गप्प बसतो आणि आपला विश्वासच कमी पडला असं धरून चालतो. माझा राग आहे तो या हिशेबावर. पंडिता रमाबाईंना हा हिशेब लावून पाहा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, म्हणून पुढे दुःख टळलं का? एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. पुढच्याच वर्षी त्याही गेल्या. मधल्या काळात बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर चालूच होतं.

यावर कोणी अनुवाद पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय काढील: आज्ञा पाळणाऱ्याला वेळेवर पाऊस, गुरंढोरं, भरलेली कोठारं. ते वचन एका राष्ट्राशी केलेल्या कराराचं आहे, आणि त्यातून माणसामाणसाची पत ठरवू पाहणाऱ्या ईयोबाच्या मित्रांना शेवटी देवच खोटं पाडतो. दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो: उपाशी माणसाला आध्यात्मिक आशीर्वाद सांगणं ही भरल्या पोटाची चैन. अगदी बरोबर, याकोबाचं पत्रही तेच म्हणतं. उघड्यावागड्या भावाला नुसतं ऊब मिळो म्हणून वाटेला लावणारा विश्वास त्याच्या लेखी मेलेला आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर आहे, फक्त ती रोजची, कोठारभर नव्हे. १८९६ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, मुलींना केडगावला आणलं, आधी जेवू घातलं. स्वतःच्या सुखावरून देवाची मर्जी मोजायची नाही, पण शेजाऱ्याची उपासमार मात्र आपल्या खात्यावर मांडायची. शिकवण मला तरी एवढीच कळते. तेव्हा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विनंती: कापणीच्या सणाच्या लिलावातला वाटा नापिकी झालेल्या घरी पोचवा, आणि पुढच्या सभेत साक्षीला त्या घरालाही उभं करा.