ताऱ्यांची गणती

रोम, लूर्द, फातिमा किंवा पवित्र भूमी यांची यात्रा पूर्वी आपल्या समाजात एखाद्याच्याच भाग्यात असे. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेली माणसे आता निवृत्तीच्या पैशातून ही इच्छा पुरी करू लागली आहेत. मग यात्रेचे माहितीपत्रक घरात येते आणि 'तीन तारांकित' की 'चार तारांकित' यावर कुटुंबात खल सुरू होतो. म्हणूनच या ताऱ्यांचा अर्थ समजून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सर्व जगाला लागू पडेल असे ताऱ्यांचे एकच माप नाही. आपल्याकडे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलची पाहणी करून एक ते पाच तारे देते. ते पाच वर्षांपुरते असतात, आणि ही पाहणी करून घेणे हॉटेलमालकाच्या इच्छेवर असते. युरोपातील काही देशांनी २००९ साली एकत्र येऊन दोनशेहून अधिक निकषांची सामाईक पद्धत स्वीकारली. फ्रान्सची पद्धत वेगळी. इटलीत तर प्रत्येक प्रांताचे नियम निराळे. दुबईचे बुर्ज अल अरब 'सात तारांकित' म्हणून गाजले, तथापि अधिकृत मोजणी पाचापुढे जात नाही. तेव्हा चाकणच्या महामार्गावरील चार तारे आणि रोममधील चार तारे एकाच तराजूत घालता येत नाहीत.

तारे मोजतात त्या प्रामुख्याने सोयी : खोलीचा आकार, स्नानगृह, लिफ्ट, स्वागतकक्षाच्या वेळा. महामंदिर किती अंतरावर आहे, लिफ्टपर्यंत पोहोचण्यापूर्वी किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे तारे सांगत नाहीत. गुडघे दुखणाऱ्या आईला सोबत नेणाऱ्या मुलाने तर तेच आधी विचारावे. शिवाय रोममध्ये दरडोई, दर रात्रीचा मुक्काम-कर असतो. हॉटेलचे तारे वाढतात तसा तोही वाढतो आणि बहुधा तिथेच वेगळा भरावा लागतो. तो ठरलेल्या रकमेत धरला आहे काय, हे यात्रा कंपनीकडून लेखी घ्यावे.

रोममध्ये धर्मभगिनींनी व मठवासीयांनी चालवलेली अतिथिगृहेही आहेत. त्यांच्या पाटीवर सहसा तारे नसतात. खोली साधी असते, अनेक ठिकाणी रात्री ठरावीक वेळी दार बंद होते. पण पुष्कळदा आवारातच प्रार्थनामंदिर असते. आलेल्या पाहुण्याचे स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्ताचे म्हणून करावे, असे संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीच्या ५३ व्या प्रकरणात सांगितले आहे. त्या परंपरेला अजून ताऱ्यांचे माप लागलेले नाही.

सुखसोयींना आमचा विरोध नाही. आयुष्यभर पाळ्यांमध्ये राबलेल्या माणसाला चार दिवस मऊ अंथरूण मिळाले, तर ते त्याच्या कष्टाचेच आहे. मात्र 'आम्ही पाच तारांकितमध्ये उतरलो' हे शेजारी सांगता यावे, एवढ्यासाठी भविष्यनिर्वाह निधीला हात लावणे शहाणपणाचे नव्हे. उलट, चाळीस जणांच्या गटाने एक तारा कमी घेतला आणि वाचलेल्या पैशातून धर्मग्रामातील एखाद्या विधवा भगिनीचे तिकीट निघाले, तर त्या यात्रेचा दर्जा कोणत्या ताऱ्यांनी मोजायचा?