अंदमानच्याही खाली
अंदमान म्हटलं की स्कूबा आणि हनिमूनचे फोटो. आम्ही मात्र थेट खाली, ग्रेट निकोबारला गेलो. पोर्ट ब्लेअरहून (2024मध्ये नाव बदललं, आता श्रीविजयपुरम) जहाजात दोन रात्री. डाळभात आणि ओकाऱ्या!

पण गलाथियाच्या किनाऱ्यावर सगळं वसूल झालं. जगातलं सर्वांत मोठं कासव, लेदरबॅक, इथे अंडी घालतं. टॉर्च बंद करून बसलो होतो. मादी आली, उसासे टाकत, डोळ्यांतून पाणी गाळत. मागच्या वल्ह्यांनी तिने हळूहळू खड्डा खणला. तासभर कुणी ब्र काढला नाही.

याच खाडीत आता मोठं कंटेनर बंदर होणार आहे. इथल्या अभयारण्याचा दर्जा 2021मध्येच काढून घेतला. माझा संताप तयारच होता. तो मी कॅम्पबेल बेमध्ये एका मराठी काकूंसमोर काढला. (1969पासून इथे माजी सैनिकांची कुटुंबं वसवली, त्यात आपलीही आहेत.) काकू पोहे वाढत म्हणाल्या, ''तू कासव बघून परत जाशील बाई. आम्हाला मोठ्या डॉक्टरकडे जायचं तरी जहाजाची वाट बघावी लागते.''

मी गप्प. कासव तरीही डोक्यातून जात नाही.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जाणार असाल तर फार लांबवू नका.