दगड

मराठीत दगडाची फार बेअब्रू झालेली आहे. मुलगा अभ्यासात मागे पडला की लागलाच तो 'दगड'! माझ्या पुतण्याला ही पदवी मास्तरांनी सातवीतच बहाल केली होती. दिवाळीच्या सुटीत तो आमच्याकडे रत्नागिरीला आला आणि मांडवीच्या किनाऱ्यावरून खिसे फाटेस्तोवर खडे आणू लागला. सौभाग्यवतींनी नाइलाजाने एक जुनी परात त्याच्या नावे करून दिली.

ओला खडा रत्नासारखा दिसतो आणि घरी येईतो वाळून मळकट होतो, हा अनुभव कुणाला नाही? पण गडी खट्टू झाला नाही. "काका, तुम्ही रंगावर जाऊ नका," म्हणाला. त्याची हत्यारे म्हणजे खिळा, काचेचा तुकडा आणि लिंबाची फोड. पांढऱ्या खड्यावर खिळ्याने ओरखडा उठला आणि त्या भुकटीवर लिंबाचा रस फसफसला, तर तो कॅल्साइट, नाहीतर शिंपल्याची कपरी. खिळ्याला दाद न देता खड्याने उलट काचेवरच रेघ ओढली, तर गारगोटी. त्याच कुळातला, पण अंगावर पट्टे असलेला आणि उजेडात धरला की मधासारखा दिसणारा, तो अकीक.

हे खडे मुळात काळ्या कातळाच्या पोटातले. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपले आणि त्यातली खनिजे साचून घट्ट झाली. कातळ झिजला, गारगोटी उरली. आपल्या घरांचा तांबडा जांभाही त्याच कातळाचा, ऊनपावसात कुजून झालेला!

काळी वाळू त्याने कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवले. काही कण मिशांसारखे उभे राहिले, ते मॅग्नेटाइट. मागे राहिले त्यांत इल्मेनाइट होते. त्यातल्या टायटॅनियमपासून पांढराशुभ्र रंग करतात, हे ऐकून परात उचलायला आलेल्या सौभाग्यवती तशाच परतल्या.

भाऊबीजेनंतर वहिनी त्याला न्यायला आल्या, त्या सहामाहीचे प्रगतिपुस्तक घेऊनच. गणितात 14 गुण. जेवणे मुकाट्याने झाली. मग तो उठला, माजघरातला दिवा त्याने मालवला आणि परातीतल्या दोन मोठ्या गारगोट्या एकमेकींवर जोराने घासल्या. दगडांच्या आत पिवळसर उजेड चमकला. जळका वास आला.

कुणी काही बोलेना. काळोखातून वहिनींचाच आवाज आला, "पुन्हा घास बघू."