टेकडीवरची कला शाखा

‘इतके चांगले मार्क, आणि आर्ट्स?’ हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो. पण अमेरिकेत, टेक्ससमधल्या आयर्विंग शहरात चुलतभावाच्या घरीही तोच ऐकायला मिळेल, असं मला वाटलं नव्हतं. दादा इंजिनिअर. लेक गणितात हुशार, पण तिला शिकायचे होते होमर आणि प्लेटो! तेही घराजवळच्या एका छोट्या कॅथलिक विद्यापीठात. ‘तूच समजाव तिला,’ दादा म्हणाला. मी स्वतः बी. ए. झालेली, मी काय समजावणार? म्हटलं, आधी जागा तर पाहू.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं ऑरेंज लाइनच्या गाडीनं निघालो. ‘युनिव्हर्सिटी ऑफ डॅलस’ या नावाचं स्थानकच २०१२ पासून तिथे आहे. टेकडीवर विटांच्या साध्या इमारती, ओकची झाडं आणि मधोमध उंच ब्रॅनिफ मनोरा. जवळच एकेकाळी डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाचं प्रचंड टेक्सस स्टेडियम होतं. २०१० मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. १९५६ मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ मात्र आहे तिथेच आहे.

इथली खासियत म्हणजे सर्वांना सक्तीचा असलेला ‘कोअर’ अभ्यासक्रम. पुढे डॉक्टर व्हायचं असो वा व्यापारात शिरायचं असो, ‘इलियड’, दान्ते, तत्त्वज्ञान, इतिहास यांतून सुटका नाही. उलट साहित्याच्या विद्यार्थ्यालाही विज्ञान आणि गणित चुकत नाही. इंग्रजीच्या तिसऱ्या वर्षाला एकच कवी निवडायचा, त्याचं सारं काव्य वाचायचं आणि प्राध्यापकांच्या मंडळापुढे तोंडी परीक्षा द्यायची. गाइडवर भागणार कसं? दुसऱ्या वर्षी बहुतेक विद्यार्थी एक सत्र रोमजवळच्या विद्यापीठाच्या आवारात काढतात. पुस्तकातलं रोम तिथे पायांखाली येतं.

‘धर्मशास्त्रही सक्तीचं आहे म्हणे,’ दादानं शेवटचं अस्त्र काढलं. ते खरंच आहे, पण प्रवेशासाठी ख्रिश्चन असण्याची अट नाही. वहिनी हसून म्हणाली, ‘मी मुंबईच्या झेवियर्समध्ये पाच वर्षं काढली. आपला गणपती कुठे सुटला?’

परतण्याआधी पुतणीनं आम्हाला जवळच्या सिस्टर्शियन मठात नेलं. हंगेरीतल्या कम्युनिस्ट राजवटीनं १९५० मध्ये झिर्त्स इथला मठ बंद केला. देश सोडावा लागलेले तिथले काही साधू टेक्ससला आले आणि या नव्या विद्यापीठाच्या पहिल्या अध्यापकांत सामील झाले. पुढे त्यांनी मुलांसाठी शाळाही काढली. १९९२ मध्ये पुरं झालेलं त्यांचं चर्च चुनखडीच्या चारशेहून अधिक शिळांचं आहे. एकेक शीळ दोन टनांहून जड!

दादा इतका वेळ गप्प होता. आता तो भिंतीजवळ गेला, दगडावर हात फिरवला, छताकडे पाहत राहिला. इंजिनिअरच तो!

‘मठ गेला, देश गेला,’ पुतणी हळूच म्हणाली. ‘बाबा, त्यांच्याकडे उरलं होतं ते फक्त शिकलेलं.’

दादा काही बोलला नाही. स्थानकावर गाडीची वाट पाहताना मात्र त्यानं विचारलं, ‘शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरायचा असतो गं?’

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी गाडी येते का ते बघू लागले. समजावण्याचं काम माझ्यावर आलंच नाही.