संडे, सॅक आणि शहापूर

शुक्रवार संध्याकाळ. साडेसहा वाजलेत, बॉस अजून केबिनमध्ये आहे, त्यामुळे कुणीच उठत नाहीये. शेजारच्या डेस्कवरून प्रश्न येतो, 'वीकेण्डला काय प्लॅन?' कुणाचा मॉल, कुणाचा मूव्ही, कुणाचं 'काही नाही यार, झोपणार'. मी म्हणते, 'खर्डी.' सगळे माझ्याकडे बघतात. 'खर्डी? म्हणजे ते कसारा लोकल जाते तिकडे? तिथे काय आहे?'

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी मीही विचारला होता. शहापूर आणि मुरबाड ही ठाणे जिल्ह्यातल्या तालुक्यांची नावं मला शाळेच्या भूगोलापुरती ठाऊक होती. कसारा लोकल म्हणजे ऐन गर्दीत आपल्या प्लॅटफॉर्मवर येणारी, पण आपल्या कामाची नसलेली गाडी, एवढंच ज्ञान! मग ऑफिसातल्या एका सीनियरने आमच्या ग्रुपचा कागद हातात दिला. हो, चक्क झेरॉक्स काढलेला कागद. वर्षाचा कार्यक्रम, महिन्याला एक रविवार, भेटण्याचं ठिकाण, लोकलची वेळ आणि शेवटी ठळक अक्षरात 'उशीर करणाऱ्यांसाठी गाडी थांबणार नाही.'

ग्रुप म्हणजे काही फार मोठी संस्था नाही. मुंबईत गिर्यारोहणाची परंपरा जुनी आहे. गिरिविहारसारखा क्लब १९५४ पासून आहे, मुलुंडच्या चक्रम हायकर्सचा 'सह्यांकन' ट्रेक कित्येकांनी केलाय. आमचं प्रकरण त्यामानाने साधं. दोर नाही, कडे नाहीत. बँकेतून रिटायर झालेले एक काका लीडर, वीस-पंचवीस माणसं आणि भरपूर चालणं. खर्च तिकीट, जेवण धरून तीन-साडेतीनशे रुपये. सिनेमा आणि पॉपकॉर्नच्या निम्म्यात काम!

कार्यक्रम मात्र काकांनी डोकं लावून आखलेला असतो. जूनमध्ये शहापूरचा बाजार आणि आजूबाजूची रानं. या दिवसात बाजारात शेवळं येतात. ही रानभाजी नुसती शिजवली तर घशाला खाजते, म्हणून तिच्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात. हे मला कुठल्याही कुकरी शोने सांगितलं नव्हतं. जुलैत भाताची लावणी. कुणाच्या तरी खाचरात चिखलात उभं राहून आम्ही रोपं लावतो आणि आमच्या ओळी इतक्या वाकड्या जातात की, घरच्या बायका हसत हसत त्या परत सरळ करतात. ऑगस्टमध्ये माळशेजच्या धबधब्यांकडे मुळीच फिरकायचं नाही, असा काकांचा नियम. पावसाळ्यात तिथे गर्दी होते, अपघात होतात आणि प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. 'ज्या ठिकाणी जायला कलेक्टर नको म्हणतोय तिथे आपण कशाला?' इति काका.

ऑक्टोबरात माहुली. आसनगाव स्टेशनला उतरायचं, पाच-एक किलोमीटरवर पायथ्याचं माहुली गाव. मुंबईतून साधारण दोन तासांची लोकल. हा किल्ला तानसा अभयारण्याच्या जंगलात आहे. माहुली, भंडारगड आणि पळसगड असे त्याचे तीन भाग. बाजूला वजीर, नवरा, नवरी असे सुळके उभे. माझी ही पहिलीच चढाई. अर्ध्या वाटेत मला ट्रेडमिलवरच्या सगळ्या किलोमीटरांचा फोलपणा कळला. वर शेवटी लोखंडी शिडी आहे, तिथे काकांनी सांगितलं की, निजामशाही वाचवायची शेवटची लढत शहाजीराजांनी १६३६ मध्ये याच गडावरून दिली. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. खाली आसनगावची लोकल खेळण्यासारखी दिसत होती.

डिसेंबरात नाणेघाट. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी लाल एसटी पकडायची, वैशाखऱ्याजवळ उतरायचं आणि जंगलातून सरळ वर. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण, सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेने जुन्नर, पैठणला जायचा. वर सातवाहनांची लेणी आहे, राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे. किती गायी, किती घोडे, किती कार्षापणं, सगळं आकड्यांत. 'म्हणजे एक्सेल शीटच की!' असं आमच्यातला एक सीए म्हणाला. जवळच मोठा दगडी रांजण आहे, त्यात जकात गोळा करायचे असं सांगतात. कल्याणहून रोज घाम गाळत प्रवास करणारे आपण काही पहिले नाही, हे कळून मला तर फार बरं वाटलं.

जानेवारी मुरबाडचा. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार, घोंगड्यांची दुकानं. आणि २ जानेवारीला सिद्धगड. १९४३ साली याच दिवशी पहाटे पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे हुतात्मा झाले. माथेरानचे वकील असलेल्या कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले होते. शहराला जे लागतं ते याच डोंगरांतून जातं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. मला ते कळायला मार्च यावा लागला.

तर तो मार्चचा रविवार. खर्डीला उतरून पाड्यापाड्याने चालायचं, असा बेत. काकांनी सांगितलेलं, प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्या. मी एक लिटरची बाटली घेतली. सॅक जड होते ना! अकरा वाजेपर्यंत बाटली संपली. ऊन असं की डोळ्यांपुढे काजवे. वाटेत एक पाडा लागला, सात-आठ घरं, कुडाच्या भिंती. एका घराच्या ओट्यावर मावशी बसल्या होत्या.

'मावशी, थोडं पाणी मिळेल का?'

त्या आत गेल्या, हंड्यातून तांब्याभर पाणी आणलं. मी प्यायले आणि मग, सवयीने, उरलेलं अर्धं पाणी तोंडावर मारलं. मानेवर ओतलं. काय फ्रेश वाटलं म्हणून सांगू!

मावशी काही बोलल्या नाहीत. शेजारी खेळणारी मुलगी मात्र थांबून जमिनीवर सांडलेलं पाणी बघत राहिली. मी रिकामा तांब्या पुढे केला आणि निर्लज्जासारखं विचारलं, 'अजून थोडं देता?'

'देते की, बाय,' मावशी म्हणाल्या. 'पन टँकर आता परवा येल. जपून घे.'

दारात दोन हंडे होते. एक रिकामा, दुसरा अर्धा. त्या अर्ध्यावर परवापर्यंत घर चालवायचं होतं आणि त्यातलं पाणी मी मानेवर ओतलं होतं.

मला काय बोलावं सुचेना. पर्समधून शंभराची नोट काढली. मावशींनी हात मागे घेतला. 'पान्याचं पैसं घेत्यात व्हय?' तेवढंच. रागाने नाही, हसून. त्यांनी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

पाड्यामागचा टेकाड चढून आम्ही वर गेलो आणि समोर निळंशार पाणी पसरलेलं दिसलं. इतकं की, पलीकडचा काठ धूसर. कुणीतरी 'वॉव' म्हणालं, मोबाइल बाहेर आले. काका म्हणाले, 'हा भातसाचा जलाशय. आपल्या नळाला येतं ते.'

घरी येऊन मी बरंच वाचलं. मुंबईला रोज ३८० ते ४०० कोटी लिटर पाणी लागतं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसातून येतं. धरणातून सोडलेलं पाणी नदीनेच पिसे बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून ते उचलून पांजरापूरला शुद्ध करतात. तानसा धरण तर १८९२ मध्ये पूर्ण झालंय. मोडकसागरही याच तालुक्यात. शहापुरात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, त्यात पाणी फार मुरत नाही. उतारावरून ते धावत दरीत जातं आणि दरीत धरण. पाडे मात्र वर, टेकडांवर. तिथल्या उथळ विहिरी होळीच्या आसपास तळ दाखवायला लागतात. दरवर्षी उन्हाळ्यात शहापूरच्या गावपाड्यांवर टँकर लागतात, ते यामुळे. धरण डोळ्यांना दिसतं, पण ते उपसून टेकडावर आणायला पंप, पाइप, वीज आणि पैसा लागतो.

मी घाटकोपरची. लहानपणी आम्ही तानसाच्या मोठ्या पाइपवर बसून गप्पा मारायचो, त्याच्यावरून उड्या मारत शाळेत जायचो. तो पाइप कुठून येतो, हे कधी विचारलंच नाही. तिशी गाठताना मला त्याचं दुसरं टोक सापडलं.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये ग्रुपमध्ये चांगलीच जुंपली. मी म्हटलं, पाड्यावर पाणी मागायचं नाही, असा नियमच करूया. तिघं-चौघं वैतागले. 'आपण एन्जॉय करायला जातो, समाजसेवा करायला नाही!' एकजण म्हणाला, 'तू एक तांब्या वाचवून काय होणार? तिथे कोट्यवधी लिटरचा हिशोब चाललाय.' त्याचं गणित बरोबरच होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाहीये. मी एवढंच म्हणाले की, कोट्यवधींचा हिशोब महापालिका आणि सरकार करेल, करायलाच हवा आणि आपण तो विचारतही राहायला हवा. पण तो तांब्या माझ्या हातात होता.

दोघं ग्रुप सोडून गेले. दीडशे जणांना बसने नेऊन धबधब्याखाली नाचवणाऱ्या एका ट्रेकवाल्यांकडे. त्यांचे फोटो मस्त येतात, मान्य! आम्ही पंचवीसचेच राहिलो. जेवण आता पायथ्याच्या गावातल्या घरी आधी सांगून ठरवतो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि त्याचे ठरलेले पैसे. उन्हाळ्यात मात्र जेवायलाही थांबत नाही, कारण पंचवीस ताटं धुवायला पाणी लागतं. डबे घरून.

मावशींकडे मी पुन्हा गेले. पुढच्या जुलैत, लावणीच्या दिवसात. पाडा ओळखू येईना, सगळीकडे हिरवंगार, ओढा दुथडी भरलेला. मावशी खाचरात होत्या, डोक्यावर इरलं. त्यांनी मला लगेच ओळखलं. 'आता घे की पानी, किती पायजे तितकं!' म्हणाल्या आणि खळखळून हसल्या. मीही हसले. पण तेच पाणी आमच्यासमोरून खाली धावत होतं, धरणाकडे, माझ्या घराकडे.

यंदाच्या कागदावर एक नवीन ओळ आहे. एप्रिल, पहिला रविवार, खर्डी, अर्धा दिवस, पहाटेची लोकल. नाव दिलंय 'नळाचं दुसरं टोक'. किल्ला नाही, धबधबा नाही. एक कोरडी विहीर, टँकरची वाट बघणारे हंडे आणि टेकडावरून दिसणारा भातसा. लीडर म्हणून काकांनी माझं नाव घातलंय. मला भीती वाटतेय. कोण येणार, माणसांच्या अडचणीचं प्रदर्शन तर होणार नाही ना? मी मावशींना फोन करून विचारलं, येऊ का म्हणून. त्या म्हणाल्या, 'ये की. पन तुमचं पानी आना.'

आतापर्यंत नऊ नावं आलीत. शेजारच्या डेस्कवरची मुलगीही येतेय. तिने विचारलं, 'काय घालू?' म्हटलं, 'काहीही घाल. तीन लिटर पाणी आण.'

निघण्याआधी एवढं करा
* पावसाळ्यात दरीच्या कडेला, धबधब्याखाली जाऊ नका. प्रशासनाचा बंदी आदेश आहे का, ते आदल्या दिवशी बघा.
* माहुली अभयारण्यात आहे. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरा, प्लास्टिक परत आणा.
* मोठ्या ग्रुपबरोबर जाणार असाल तर लीडर किती, प्रथमोपचाराची पेटी आहे का, हे आधी विचारा. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, आयोजकाची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका.
* परतीच्या एसटीची आणि लोकलची वेळ सकाळीच पाहून ठेवा. संध्याकाळी मुरबाडहून कल्याणला यायला वेळ लागतो.
* पाणी घरून. मार्चपासून जूनपर्यंत तर नक्कीच.