हाताला लागलेली कीड

आईच्या ऑर्किडच्या पानांवर फेब्रुवारीत दवासारखे थेंब दिसू लागले, तेव्हा मला आनंदच झाला. रायपूरच्या कोरड्या हवेत, खिडकीच्या आत ठेवलेल्या झाडावर दव कुठून येणार, हा प्रश्न पडला नाही. थेंब बोटाला चिकट लागले, तरी नाही. सोयीचा अर्थ आधी सुचला की संदर्भ तपासायचा कंटाळा येतो. दुसऱ्यांच्या अनुवादात ही चूक मी लगेच पकडते.

मग खिडकीच्या चौकटीवरून कुंडीपर्यंत मुंग्यांची रांग लागली. मी मुंग्यांची पावडर टाकली. त्याच संध्याकाळी आई पानावरून हात फिरवता फिरवता थांबली. "अगं, पानाच्या मागे खपल्या धरल्यासारखं लागतंय."

पान उलटून टॉर्च मारला. मधल्या शिरेला लागून तपकिरी, चपटे, मसुराच्या अर्ध्या डाळीहून लहान ठिपके. नखाने खरवडला तर एक अख्खा सुटून आला. खवले कीड. या किडीची पिल्लं टाचणीच्या टोकाहून लहान असतात आणि तेवढीच काय ती चालतात. जागा सापडली की सोंड पानात खुपसून बसतात, पाठीवर कवच चढतं आणि मग बहुतेक सगळं आयुष्य तिथेच. प्यायलेल्या रसातली जादा साखर बाहेर टाकतात, तेच माझं दव. मुंग्या त्या साखरेसाठी येतात आणि बदल्यात किडीची राखण करतात. त्याच चिकटपणावर पुढे काळी बुरशी धरते.

आईच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून मॅक्युलाचा दोष आहे. नजरेच्या मधोमध धूसर डाग; कडेचं दिसतं, समोरचं नाही. तिच्याकडची कामं मी एकेक करून काढून घेतली होती. आधी गॅस, मग भाजी चिरणं, मग समईची वात. झाडं तेवढी राहिली होती. आता वाटलं, तीही तिला दिसत नाहीत, म्हणून तर हे झालं. मला चांगलं दिसत असूनही मी काय पाहिलं होतं, ते मात्र आठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यात जास्त कीड असलेली कुंडी मी न विचारता कचरागाडीसाठी जिन्यात नेऊन ठेवली.

ती मिळाली आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना. त्या कांकेरकडच्या. पान उलटून पाहिलं आणि हसू लागल्या. "दीदी, हमन तो येला रुख म बांधथन!"

किडा तोच नव्हता, पण त्यांचा अंदाज फार चुकलाही नव्हता. लाखेचा किडा या खवले किडीचाच चुलतभाऊ. छत्तीसगडमध्ये कुसुम, पळस, बोरीच्या झाडांवर पिल्लांनी भरलेल्या काड्या, म्हणजे बीहन लाख, मुद्दाम बांधतात. पिल्लं कोवळ्या फांदीवर पसरतात, रस पितात, राळ सोडतात. ती खरवडून विकतात. बाई सांगत होत्या, ऊन फार तापलं की किडे फांदीवरच वाळून जातात आणि तेवढं पीक बुडतं. मी ज्याच्या मरणासाठी कडुलिंबाचं तेल आणायला निघाले होते, त्याच्या भाऊबंदांसाठी त्यांच्या माहेरी जीव टांगणीला लागतो.

नंतर मी शब्दांकडे वळले, ही माझी खोडच. संस्कृत लाक्षा, तिचं नातं लक्ष या संख्येशी जोडतात, कारण फांदीवर हे किडे लाखांनी बसतात. पांडवांचं लाक्षागृह, पायाला लावायचा अळता, इकडचा माहुर, लाखेच्या बांगड्या, शेलॅक. एवढा संसार एका खवल्याच्या कुळातला. मराठीत आपण कौतुकाने लाख म्हणतो आणि वैतागाने कीड. फरक बराचसा आपल्या गरजेचा.

बाईंनी कुंडी उचलून परत आत आणली. तोवर आई खिडकीपाशी उभी होती, कट्ट्यावरच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून. "माझं झाड कुठे नेलंस?" आवाज चढवला नाही. "मला दिसत नाही म्हणून मला विचारायचंही नाही का?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाईंनी कुंडी तिच्या हाताखाली सरकवली.

मग आम्ही कामाला बसलो. आजारी कुंडी वेगळ्या खोलीत. केमिस्टकडच्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक खवला पुसायचा. त्याआधी एका पानाच्या कोपऱ्यावर लावून दिवसभर पाहायचं. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब, तेही ऊन उतरल्यावर, नाहीतर पान करपतं. वाळक्या पानांचे देठ काढून टाकायचे आणि साल बदलायची, कारण पिल्लं तिथे लपतात. एका फवारणीने काही होत नाही. कवचाखालची अंडी वाचतात आणि पुढच्या आठवड्यात चालू लागतात. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा, निदान दोन महिने.

टॉर्च घेऊन शोधायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. दोन फेऱ्यांत कळलं, हिरव्या पानावरचे कोवळे, फिकट खवले मला दिसत नाहीत. आईला लागतात. ती पान दोन बोटांत धरून देठापासून टोकापर्यंत सावकाश जाते, थांबते आणि म्हणते, "इथे." मी तिथे कापूस टेकवते. बाई मध्येच येऊन विचारतात, "दाई, कतका मिलिस?" आई आकडा सांगते.

नवतप्याच्या उन्हात दोन झाडं गेली. त्यातलं एक मी जिन्यात ठेवलं होतं तेच. आईने ते स्वतः कुंडीतून उपटलं, मुळं चाचपली आणि म्हणाली, "हं. आता टाक."

उरलेल्या नऊ कुंड्यांची तपासणी गुरुवारी असते. गेल्या गुरुवारी आकडा चार होता. त्यातला एक मी स्वच्छ म्हणून बाजूला ठेवलेल्या पानावर होता. आणि समईची वात आता पुन्हा आईच करते. ती तर ती आधीपासून हातानेच वळत होती.